साडूंचे खाडे

माझ्या साडूंना उभ्या आयुष्यात मी दोनदाच बसलेलं पाहिलं. पहिल्यांदा माझ्या लग्नात. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून त्यांना पंगतीत मानाचा पाट होता आणि आमचे सासरे मागे उभे राहून त्यांचे दोन्ही खांदे दाबून धरत होते. तरीसुद्धा मसालेभात यायच्या आत गृहस्थ उठले, जिलब्यांचं ताट उचललं आणि अशा वेगानं वाढत सुटले की निम्म्या पाहुण्यांना जिलबी नुसती दिसली, मिळाली नाही. दुसऱ्यांदा ते बसले, त्याची गोष्ट सांगायलाच तर मी आज बसलोय. मधल्या सगळ्या वर्षांत हा माणूस एक तर उभा असायचा, नाही तर पळत असायचा. पेपर उभ्यानं, चहा उभ्यानं, दाढी तर चालता चालता. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा रविवारचा सिनेमा बघायला सगळी बिल्डिंग त्यांच्या घरात जमायची, आणि घरमालक दाराच्या चौकटीत उभे राहून टाचा वरखाली करत असायचे. "बसा की हो साडूभाऊ, तिकीट थोडंच लागतंय," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तू बसलायस ना? घरात एक पुरे."

राहायला ते मुलुंड पूर्वेला, आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये. नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात, तपासनिसाची. तयार होऊन आलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, आणि केसभर जरी चुकला तरी लाल पेन्सिलीनं त्यावर फुली मारून बाजूला टाकायचा. ती लाल पेन्सिल घरीसुद्धा त्यांच्या कानावर असायची. माझ्याकडे ते पहिल्यांदा पोटापासून वरपर्यंत बघत आले तेव्हा यांचा हात आता कानाकडे जातो की काय, अशी मला धास्ती वाटली होती.

आणि हे पळणं! आज कुणीही सोम्यागोम्या महागाचे बूट घालून पहाटे रस्त्यावर दिसतो, पण त्या काळी मुलुंडात धडधाकट, मिशीवाला, दोन पोरांचा बाप उगाचच पळतोय म्हणजे एक तर मागे कुत्रं लागलेलं असणार किंवा पोलीस. साडूंच्या मागे दोन्ही लागून झाले होते. जुन्या पँटी गुडघ्यावर कापून केलेली चड्डी, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि परतीच्या वाटेवर दोन्ही हातांत सरकारी केंद्रावरच्या दुधाच्या बाटल्या, अशा थाटात ते यायचे. बाटल्यांच्या किणकिणाटावर आमच्या बिल्डिंगमधली माणसं घड्याळं लावायची. एकदा नाहूरजवळ एका हवालदारानं "ए, काय उचललंस रे?" म्हणून पाठलाग सुरू केला. साडू थांबले नाहीत, कारण त्या दिवशीचं अंतर पुरं व्हायचं होतं. भांडुपला हवालदार रस्त्याच्या कडेला मटकन बसला तेव्हा साडू मागे वळले, त्याचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे बघत मिनिटभर ओठ हलवले आणि म्हणाले, "एकशे साठ. हवालदारसाहेब, ही नोकरी सोडा." शेवटी हवालदारानं त्यांना चहा पाजला म्हणतात. तोही त्यांनी उभ्यानं प्यायला.

माणसाचं मनगट धरून नाडी मोजणं हा साडूंचा नमस्कार होता. लोक हात जोडतात, हे हात पुढे करायचे आणि समोरच्याचा पंजा सोडून वरचं मनगट पकडायचे. मोजताना त्यांचे ओठ हलत. ओठ थांबले की निकाल. बारशाला गेले तर बाळाची, मयताला गेले तर उरलेल्यांची. आमच्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी अंतरपाट धरायच्या ऐन घटकेला नवऱ्या मुलाची नाडी बघितली आणि हळूच सांगितलं, "एकशे दहा. अजून वेळ आहे, विचार कर." माझी अठ्ठ्याऐंशी भरायची. ती ऐकून ते अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघत, जणू मी चार दिवसांचा पाहुणा आहे. त्यांची स्वतःची मात्र बेचाळीस! बेचाळीस हा आकडा ते सांगत तो लोक मुलांचे मॅट्रिकचे मार्क सांगतात त्या सुरात. खरं म्हणजे त्यांच्या मुलाला मॅट्रिकला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते, पण घरात पेढे आले ते बेचाळिसाचे.

"हृदय म्हणजे स्नायू रे," ते मला समजावत. "वापरला नाही तर गंजतो. माझं एका ठोक्यात तुझ्या दोन ठोक्यांचं काम करतं. दिवसाला किती हजार ठोके मी वाचवतो, हिशोब कर."

"वाचवलेले ठोके ठेवता कुठे?" मी विचारायचो.

"पुढच्यासाठी," ते म्हणायचे, आणि पळायचे.

या बेचाळिसानं एकदा मोठी गंमत केली. विम्यासाठी तपासणी होती. तिथल्या तरुण डॉक्टरनं नाडी धरली, स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघितलं, पुन्हा नाडी धरली, आणि त्यालाच घाम फुटला. हा माणूस इतक्या कमी ठोक्यांवर उभा कसा, असं म्हणून त्यानं त्यांना नर्सिंग होममध्ये दोन दिवस पाडून ठेवलं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, रडून अर्धी झाली, देव पाण्यात ठेवले, आणि इकडे साडू चादरीखाली पाय हलवून अंतर पुरं करत होते. शेवटी मोठे डॉक्टर आले, हसले आणि म्हणाले की पळणाऱ्यांची नाडी अशीच मंद असते, यांना घरी घेऊन जा, खाटा कमी आहेत. त्या दिवसापासून ताईनं नवऱ्याच्या हृदयाची काळजी करणं कायमचं सोडून दिलं. "ह्यांच्या छातीला धाड भरली नाहीये, उगाच माझे देव भिजवले!" ती म्हणायची. पुढे सगळा घोटाळा झाला तो इथेच.

आता हे सगळं वेड कशासाठी, ते सांगायला हवं. साडूंच्या घरी भिंतीवर त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा फोटो होता. काळी टोपी, दाट भुवया, मालवणकडचा करारी चेहरा. अण्णा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पाळी संपवून घरी येताना एक दिवस चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात ते "जरा बसतो" म्हणून टेकले, आणि उठलेच नाहीत. वय वर्षं एकोणपन्नास, चार महिने, अकरा दिवस. हे महिने आणि दिवस साडूंनी मला एकदाच सांगितले, तेही गॅलरीत उभ्या उभ्या जागच्या जागी पळताना. त्या वेळी ते चौदा वर्षांचे होते, आणि अण्णांच्या हातातली भाजीची पिशवी उचलायला जिन्यात खाली गेले होते.

ते ऐकल्यावर मी त्यांना "बसा" म्हणायचं सोडलं. म्हणजे महिनाभर. मग पुन्हा सुरू केलं, स्वभावाला औषध नाही.

साडूंना अठ्ठेचाळीस पुरी झाली तसं त्यांचं पळणं वाढलं. आधी रोज ठाण्याच्या तलावपाळीपर्यंत जाऊन परत यायचे, ते उलट दिशेला घाटकोपरपर्यंत जाऊ लागले. रविवारी बोरिवली गाठून कान्हेरीचा चढ दोनदा चढायचे. त्यांच्याइतका थकलेला आणि त्यांच्याइतका खूश माणूस मी बघितला नव्हता. गाल बसले, बूट तीन महिन्यांत फाटू लागले. "अहो, अंगावर मांस राहू द्या थोडं, फोटो काढायचा झाला तर दिसायला नको का?" मी म्हणालो. ते नुसते हसले. गणपतीच्या सुमारास एका सकाळी मी गॅलरीत दात घासत उभा असताना ते खालून बाटल्या घेऊन आले, आणि किणकिणाट मध्येच थांबला. मी खाली बघितलं. ते आमच्या फाटकाला एक हात लावून उभे होते. मी टॉवेल खांद्यावर टाकून तसाच उतरलो. नेहमीसारखा मी मनगट पुढे केलं, तर ते म्हणाले, "नको. आज तू माझी धर."

इतक्या वर्षांत त्यांचं मनगट मी पहिल्यांदा हातात घेतलं. एक ठोका. दुसरा. मग काहीच नाही. मग दोन ठोके एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे घाईघाईनं, मग पुन्हा सामसूम. माझी अठ्ठ्याऐंशी होती ती त्या क्षणी कितीवर गेली देव जाणे.

"मधेच लंगडी घालतं रे," ते म्हणाले. "रोज नाही. कधीतरी."

"डॉक्टरकडे चला. आत्ताच्या आत्ता."

"आणि काय? तो म्हणणार, बसा." त्यांनी बाटल्या उचलल्या. "आमच्याकडे बसलेला माणूस उठत नाही. पाच महिने राहिलेत. तेवढे जाऊ देत. आमच्या हिला एक शब्द जरी बोललास तर तुला तुझ्या बायकोची शपथ." आणि माझ्याकडे रोखून बघत पुढे म्हणाले, "शपथ मोडून बघू असं मनात आणू नकोस."

झालं! मी सरकारी कचेरीत फायलींचा गठ्ठा सांभाळणारा साधा माणूस, माझ्या गळ्यात हे लोढणं पडलं. जेवण जाईना. बाटल्या वाजल्या की जीव भांड्यात पडायचा आणि वाजेपर्यंत तिथून बाहेर टांगलेला असायचा. सांगावं तर शपथ, न सांगावं तर ताईचं कुंकू. मी आडून आडून ताईला म्हणून बघितलं, "साडूभाऊ हल्ली थकल्यासारखे वाटत नाहीत?" तर ती म्हणाली, "तुम्हांला पळणारा माणूस बघूनच दम लागतो, त्याला ते काय करणार?" माझी पुण्याई ती एवढी.

गोष्ट बाहेर आली ती शेवटी ताईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमुळे. आपल्या सगळ्यांच्या घरात ते कॅलेंडर असतं: सिलिंडर कधी लावला, दूध कधी कमी आलं आणि मोलकरणीनं कुठल्या दिवशी खाडा केला, त्याच्या खुणा घरात असेल त्यानं तारखांवर करायच्या. अनसूयाबाई चौदा वर्षं ताईकडे भांडी घासत होत्या. दोन्ही पोरं त्यांच्या कडेवर वाढलेली. एका रविवारी सकाळी आमच्याकडे निरोप आला, दोघंही ताबडतोब या. गेलो तर स्वयंपाकघरात रणकंदन! ताईच्या हातात खिळ्यावरून काढलेलं कॅलेंडर, आणि समोर अनसूयाबाई पदर खोचून उभ्या.

"अकरा खाडे! एका महिन्यात अकरा!" ताई माझ्या नाकासमोर कॅलेंडर नाचवत म्हणाली. "आणि वर तोंड करून म्हणते, एकही नाही!"

"अवो ताई, देवाच्यान सांगते, या म्हैन्यात म्या एक बी खाडा केल्याला न्हाई! मंगळवारी म्या आले न्हाई म्हंता? मंगळवारी तुमचा कुकर करपला, त्यो कुनी घासला? तुमच्या सासूनं?"

"मग या फुल्या काय उंदरांनी मारल्या?"

"ते तुमी त्या उंदरास्नीच इचारा. चौदा वर्सांत मला कुनी खोटारडी म्हनलं न्हाई. ह्यो घ्या तुमचा झाडू!" आणि झाडू खरोखरच ओट्याला टेकवून त्यांनी चपला पायांत घातल्या. बोलताना आवाज चढला होता, पण डोळे भरले होते बाईंचे.

मी पंच म्हणून कॅलेंडर हातात घेतलं. चष्म्याशिवाय ताईला दिसलं नसेल, पण मला दिसलं. ताईच्या खुणा बॉलपेनच्या, निळ्या. या अकरा फुल्या लाल होत्या. पेन्सिलीच्या. बारीक, नेमक्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून मारलेल्या. मापात न बसलेल्या वस्तूवर मारतात तशा. मी तोंड उघडलं, शपथ आठवली, मिटलं. बायको माझ्याकडे बघत होती, अनसूयाबाई दाराशी पोचल्या होत्या, आणि गॅलरीतून साडूंच्या बुटांचा थपथप आवाज येत होता.

तो आवाज थांबला.

साडू दारात आले. कानावर पेन्सिल. "अनसूयाबाई, थांबा," ते म्हणाले. "खाडे तुमचे नाहीत. माझे आहेत."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. "तुमचे? तुम्ही कधी घासलीत हो भांडी?"

"भांड्यांचे नाहीत." त्यांनी छातीवर बोट टेकवलं. "हे ज्या दिवशी चुकतं, त्या दिवशी फुली मारतो. दुसरीकडे कुठे लिहू? तारखा तिथेच आहेत."

सगळ्यांत आधी हालल्या त्या अनसूयाबाई. त्यांनी चपला काढल्या, ओट्याखालचं स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "बसा, दादा." साडूंनी नकारार्थी मान हलवली. ताई मात्र रडली नाही की ओरडली नाही. तिनं कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं, एकेका फुलीवर बोट ठेवत अकराही मोजल्या, खिळ्याला परत लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बूट आहेतच पायांत. चला." मग माझ्याकडे वळून: "तुम्हांला माहीत होतं." मी खाली बघितलं. तिची ती नजर आठवली की आजही मला लाज वाटते.

डॉक्टरकडे आमची वरात गेली: साडू, ताई, आम्ही दोघं आणि मागे अनसूयाबाई, कारण आळ त्यांच्यावर आला होता आणि निकाल ऐकल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. नेहमीच्या डॉक्टरांनी घाटकोपरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे कार्डिओग्राम काढला, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हातारे आणि तिरसट होते. कागदाची पट्टी लांब धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"एवढं कशाला पळता?"

"हृदयासाठी," साडू म्हणाले.

"त्याला विचारलंत?"

साडूंच्या टाचा वरखाली व्हायच्या थांबल्या. मग डॉक्टर जरा मऊ झाले. म्हणाले, मंद नाडी हा काही रोग नाही, आणि व्यायाम वाईट तर मुळीच नाही, समोरच्या या गृहस्थांना (म्हणजे मला) त्याची नितांत गरज आहे. पण वर्षानुवर्षं मर्यादेबाहेर ताणलं की काहींचं हृदय थोडं फुगतं आणि ताल चुकायला लागतो. "तुमचं पळण्यानंच झालं, की वडिलांकडून आलंय, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तेवढं ज्ञान आम्हांला अजून नाही. पण सध्या पळणं बंद. गोळ्या घ्यायच्या आणि रोज चालायचं, तेही गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं."

"म्हणजे बसायचं नाही?" साडूंनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून ताईनं पदर तोंडाला लावला.

"बसायचं कोण म्हणतंय? चाला! घरात सगळ्यांत हळू कोण चालतं?"

बायको, मेहुणी आणि अनसूयाबाई, तिघींनी एकदम माझ्याकडे बोट केलं. तर अशा रीतीनं वैद्यकशास्त्रात पहिल्यांदाच एका साडूला दुसरा साडू औषध म्हणून लिहून दिला गेला, सकाळी एकदा, उपाशीपोटी.

पहिले पंधरा दिवस त्यांचे फार हाल झाले. माझे जास्त. मी दहा पावलं टाकेपर्यंत ते पुढच्या खांबाला हात लावून परत येत. "अरे, तू चालतोयस की उभा आहेस? दूध संपेल केंद्रावरचं!" मी मुद्दाम भिंतीवरची पोस्टरं वाचत थांबायचो, चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करायचो, ओळखीच्या प्रत्येक म्हशीची विचारपूस करायचो. गप्पा मारण्याची डॉक्टरी सक्ती असल्यामुळे वीस वर्षांत बोललो नव्हतो तेवढं आम्ही त्या दोन महिन्यांत बोललो. फुल्या कमी झाल्या. अकराच्या चार, मग दोन. माझी अठ्ठ्याऐंशीची शहात्तर झाली तेव्हा साडूंनी पेढे वाटले. आणि मी एखाद्या दिवशी पांघरूण ओढून पडून राहिलो की ताईच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल फुली पडायची. आता खाडे माझे होते. अनसूयाबाई भांडी घासता घासता ते मोठ्यानं मोजायच्या.

फेब्रुवारीतली एक सकाळ. आम्ही मिठागरांच्या बाजूला गेलो होतो. उन्हं नुकती वर येत होती, मिठाच्या ढिगांवर बगळे उतरले होते. नाल्यावरच्या एका मोरीच्या कठड्याशी साडू थांबले. त्यांनी कठड्यावरची धूळ हातानं झटकली, आणि बसले.

"साडूभाऊ! काय होतंय?" मी झडप घालून त्यांचं मनगट पकडलं. एक, दोन, तीन, चार. सरळ चाललं होतं. मध्ये एकदा किंचित अडखळलं, पुन्हा चालू लागलं.

"काही होत नाहीये रे," ते म्हणाले. "काल मी अण्णांएवढा होतो. एकोणपन्नास, चार महिने, अकरा दिवस. आज बारा."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण त्या दिवशी तिनं खाडा केला.

ते समोर बघत होते. "तेव्हा मला वाटायचं, केवढा मोठा माणूस गेला आपला. म्हातारा माणूस." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कसला म्हातारा! पोरसवदा होता रे. माझ्याहून लहान."

जन्मभर 'अण्णा आले, अण्णा म्हणाले' म्हणणाऱ्या माणसानं बापाला असं एकेरीत, धाकट्या भावाला हाक मारल्यागत म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी नेहमीचं त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकवलं: "उठा आता, दूध संपेल केंद्रावरचं."

"संपू दे," साडू म्हणाले. "बस रे जरा. घाई काय आहे?"

मी बसलो. त्यांनी सवयीनं माझं मनगट हातात घेतलं. मी निकालाची वाट बघत राहिलो, पण आकडा काही येईना. मान वळवून बघितलं तर साडूंचे ओठ हलत नव्हते. मनगट त्यांनी नुसतंच धरलं होतं.